अहो, ही पाल कुठल्या घराण्याची?

अहो, ऐका ना! मला पालींचं वेड लागलंय! हो, पालींचं! भिंतीवर पाल दिसली की पलंगावर चढून किंचाळणारी मी, हल्ली रात्री झोपायचं सोडून पालींचे फोटो बघत बसते. घरातले एकमेकांकडे बघतात. बघू देत!

सगळा दोष न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याचा. त्याने लेपर्ड गेको पाळलाय. व्हिडिओ कॉलवर त्याने तो तळहातावर धरला, आणि मी फोन टाकणार एवढ्यात त्या पालीने डोळे मिटले! डोळे मिटले!! तिला पापण्या आहेत! आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती बिचारी जिभेने डोळे पुसते. आणि ही चक्क पेंगत होती! शिवाय बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, त्यामुळे भिंतीवर चढणं हिच्या नशिबातच नाही. माझी निम्मी भीती तिथेच गेली. आणि मग मी विचारलं, "हिचं नाव काय रे?" तो शांतपणे म्हणाला, "मावशी, ही सुपर हायपो टँजरिन कॅरट टेल बाल्डी."

अरे, बारशाला आत्या किती होत्या!

पण थांबा, हसू नका, कारण या नावातला एकही शब्द फुकट नाही! मुळात जंगलातला लेपर्ड गेको पिवळसर, वर काळे ठिपके. पाठीवरचे ठिपके दहापेक्षा कमी असले की तो हायपो. पाठ पूर्ण कोरी असली की सुपर हायपो. अंगावर नारिंगी चढलं की टँजरिन. शेपटीच्या बुडाशी गाजराचा रंग उतरला की कॅरट टेल. आणि डोक्यावरही एक ठिपका उरला नाही की बाल्डी. म्हणजे टकलू! हे रंग एका झटक्यात येत नाहीत. सगळ्यांत नारिंगी पिल्लं निवडायची, त्यांची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा निवडायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या. अशा प्रत्येक रंगरूपाला म्हणतात मॉर्फ.

आता आधीच सांगते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. शाळेत मेंडेलचे वाटाणे पाठ केले, पेपरात लिहिले आणि विसरले. पण मग मी अल्बिनोंपाशी पोचले आणि ते वाटाणे टणाटण उड्या मारत परत आले!

ऐका. पाळीव लेपर्ड गेकोंमध्ये अल्बिनो तीन प्रकारचे. तीन! ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल. ही ज्यांच्याकडे ते अल्बिनो पुढे आले त्या अमेरिकन ब्रीडरांची आडनावं. पहिला ट्रेम्पर, 1996 साली रॉन ट्रेम्पर यांच्याकडे. तिन्हींमध्ये काळा रंग नाही, तिन्ही गुलाबी-पिवळे-तपकिरी, माझ्यासारखीला तिन्ही सारखेच. आणि मग गंमत! ट्रेम्पर नर आणि बेल मादी यांची जोडी लावा. आई अल्बिनो, बाप अल्बिनो, आणि पिल्लं? साधी! काळ्या पट्ट्यांची, ठिपक्यांची, अगदी रानातल्यासारखी! मी दोनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायले. मग पुन्हा वाचलं.

कारण प्रत्येकाचा बिघाड वेगळ्या जनुकात! अल्बिनो दिसायला एकाच बिघाडाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. इथे पिल्लाला ट्रेम्परची एक मिळाली, बेलची एक मिळाली, दोन्ही लपून बसल्या. अशा लपवून फिरणाऱ्याला 'हेट' म्हणतात. म्हणजे 'ट्रेम्पर' हा शब्द रंग सांगतच नाही, तो गवयाच्या घराण्यासारखा परंपरा सांगतो! डोळ्यांना दिसतं ते अर्धंच, उरलेलं नावात!

आणि मग मला ती '66 टक्के हेट' अशी पाटी दिसली. 66 टक्के हेट! अर्धवट लपवलंय की काय? नाही हो! दोन हेटांची जोडी लावली की सरासरी चार पिल्लांत एक अल्बिनो आणि तीन साधी. त्या तीन साध्यांपैकी दोघं हेट, एक कोरं. पण कोण कोणतं ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून तिघांच्याही पाटीवर शक्यता लिहायची: तिनात दोन, 66 टक्के. इतकी प्रामाणिक पाटी मी आयुष्यात वाचली नव्हती!

आता तुम्ही माझ्याबरोबर आलाच आहात तर स्नो बघून जा. मॅक स्नोच्या जनुकाची एकच प्रत पुरते: पिल्लू पिवळ्याऐवजी पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचं. पण दोन प्रती आल्या की सुपर स्नो! पांढरं अंग, बारीक काळे ठिपके आणि डोळे संपूर्ण काळे, बाहुली नाही, बुबुळ नाही, नुसती शाईची दोन टिंबं! आणि रॅप्टर! मला वाटलं डायनोसॉरवरून. कसलं काय, ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत: लाल डोळे, अल्बिनो, नक्षी नाही, ट्रेम्पर आणि नारिंगी. रॅप्टरमध्ये ब्लिझर्ड नावाचा मॉर्फ मिसळला की डियाब्लो ब्लँको, म्हणजे स्पॅनिशमध्ये पांढरा सैतान. आणि तो सैतान बोटभर जाडीचा, पापण्या मिटून पेंगणारा!

आणि अंडी! उबवणी पेटी 26-27 अंशांवर ठेवली तर बहुतेक माद्या, 32च्या आसपास बहुतेक नर. नर-मादी ठरवणार तापमान! आणि अल्बिनोंची अंडी थंडाव्यात उबवली की पिल्लं जास्त तपकिरी निघतात. म्हणजे जनुक तेच, नाव तेच, रंग वेगळा!

आणि मग लेमन फ्रॉस्ट. इथे मी जरा गप्प झाले. लिंबाच्या रंगाचा, आतून उजेड लावल्यासारखा देखणा मॉर्फ, मला लगेच आवडला. पण चमक देणाऱ्या पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात आणि त्वचेवर गाठी होतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021मध्ये याचा संबंध स्पिंट-1 या जनुकाशी जोडला. हा बदल असलेल्या 80 टक्क्यांहून जास्त पालींना गाठी! एनिग्मा नावाच्या मॉर्फचंही तसंच, मान वाकडी होते, काही जण जागच्या जागी गोल फिरत राहतात. तेव्हा नाव विचारायचं ते मिरवायला नाही. पाटीवर रूप वाचायचं आणि दुखणंही वाचायचं.

हो, आणि यांचे सख्खे भाऊबंद आपल्याकडे रानात आहेत! हा पाळीव गेको मूळचा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारताकडचा. पण त्याच कुळातली एक जात महाराष्ट्रात आणि गुजरातेत सापडते, आणि सातपुड्यातली एक तर 2014मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली! त्यांना मात्र रानातच राहू द्या हं. पिशवी घेऊन निघू नका!

त्यापेक्षा कागद काढा. काढा हो! ती ट्रेम्पर-बेलची साधी दिसणारी पिल्लं आठवतात? त्यांतल्याच दोन हेटांची पुढे जोडी लावली तर? चार गुणिले चार, सोळा घरं आखा. मी आखली, नातवाच्या चित्रकलेच्या वहीत. नऊ घरं साधी, तीन ट्रेम्पर, तीन बेल आणि एक दोन्ही! आणि आता त्या सात अल्बिनोंमधला ट्रेम्पर कुठला, बेल कुठला, दोन्हीवाला कुठला, नुसतं बघून सांगा. खात्रीने नाही सांगता येत! म्हणूनच जाणते ब्रीडर ही घराणी एकमेकांत मिसळू देत नाहीत. एका पिढीची हौस, आणि पुढच्या सगळ्यांच्या पाट्या कोऱ्या!

आता रेनवॉटरही धरला तर घरं चौसष्ट होतात. वही पुरणार नाही. तुमच्याकडे मोठा कागद आहे का?