रोवणीपर्यंत

दिवाळी सरते, बांध्यांमधला धान कापून-चुरून होतो आणि भंडारा जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पिशव्या भरल्या जातात. एका पिशवीत कपडे, दुसरीत घरचाच तांदूळ. परगावी तांदूळ विकत घ्यावा लागला तर मजुरीतून हाती काय उरणार, हा हिशेब घरातल्या बाईने आधीच करून ठेवलेला असतो.

शहराची ओढ लागते म्हणून माणसं गाव सोडतात, असं सहज म्हटलं जातं. लाखांदूरकडच्या मजुराशी बोलायला बसलं, की तो आधी पाण्याचं बोलतो. तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ओळख. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे माजी मालगुजारी तलाव. लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, आणि शेतातलं लहान तळं म्हणजे ‘बोडी’. त्यांतल्या अनेकांत आता गाळ साचला आहे. ज्याच्या शेताला पाणी पुरतं तो उन्हाळी धान घेतो, बाकीच्यांचं खरिपाचं एकच पीक. श्रावणात रोवणीला हात कमी पडतात, बायांच्या टोळ्या आधीपासून सांगून ठेवाव्या लागतात. माघात त्याच हातांना काम नसतं. गाव सुटतं ते इथे.

मग तेलंगणात मिरची तोडायला. दिवसभर तोडणी केली की बोटं अशी जळतात, की संध्याकाळी लेकराच्या तोंडाला हात लावायचा धीर होत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पूर्व विदर्भातले मिरची तोडणारे मजूर तिकडे अडकले आणि अनेकांनी पायीच घरची वाट धरली. पुढे हंगाम आला तसे लोक पुन्हा गेले. त्यांना कसला धडा घ्यायला सांगायचं?

हे जाणं नवं नाही. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांचं स्वस्त कापड बाजारात आलं तसे विदर्भातले कितीतरी कोष्टी आपला माग सोडून गिरणीच्या यंत्रावर उभे राहिले. मोहाडी-आंधळगावकडे कोशाचं कापड अजून विणलं जातं. भंडारा शहर पितळी भांड्यांचं. घराघरांत स्टील आलं आणि ठोक्याने भांडं घडवणाऱ्या हातांना दुसरी कामं शोधावी लागली. आणखी काहींना तर धरणापायी जागाच सोडावी लागली. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. वैनगंगेचं पाणी अडलं आणि काठावरची गावं उठली. पाण्याअभावी जाणारे आणि पाण्यामुळे उठलेले, दोघेही एकाच जिल्ह्यातले.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढली. राज्याची जवळजवळ सोळा टक्के. लहान झालेल्या कुटुंबांबरोबर बाहेर गेलेली माणसंही या आकड्यात आहेत.

या माणसांना ‘स्थलांतरित’ म्हणताना मात्र शब्द अपुरा पडतो. नागपुरात बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा गडी मृग लागला की अस्वस्थ होतो. मुकादम आणखी पंधरा दिवस थांब म्हणतो, हजेरी वाढवून देतो. हा दुपारच्या सुट्टीत सिमेंटच्या गोण्यांवर टेकतो, गावी म्हाताऱ्याला फोन लावतो. मजुरीचं, प्रकृतीचं नंतर. आधी विचारतो, “बोडी भरली का जी?”