भवानीनगर : काळी जमीन आणि नवें यंत्र

बारामतीहून इंदापूरच्या सडकेनें निघालें कीं काटेवाडी मागें पडते आणि थोड्याच वेळांत भवानीनगर लागतें. आषाढी वारींत तुकोबांची पालखी याच वाटेनें सणसरच्या मुक्कामास जाते. गांवाचें नांव दूरवर नेणारा श्री छत्रपति सहकारी साखर कारखाना येथलाच. दुतर्फा ऊंस, आणि मधून मधून उठणारीं नवीं घरें. अशा एखाद्या घराच्या पायाचा खड्डा प्रवाशानें अवश्य पाहावा. वर काळी माती, खालीं मुरूम; या मुलखाची निम्मी हकीकत त्यांतच आहे.

मूळचा हा प्रांत अवर्षणाचा. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला आणि माळाचें रूप पालटलें. पुढें विश्वेश्वरय्या यांनीं पाण्याची वाटणी शिस्तीनें व्हावी म्हणून ‘ब्लॉक’ पद्धति आंखून दिली. इंजिनियर नामांकित, आंकडेमोड चोख. तरीहि या कालव्याखालील कित्येक काळ्या जमिनी चिबड झाल्या, वर क्षार फुटले, आणि निचऱ्यासाठीं चर खणावे लागले. वरून पाणी किती द्यावें हें ठरलें होतें. तें खालीं कोठें सांचेल हें जमिनीनेंच मागाहून सांगितलें.

हा धडा आज स्मरण्याचें कारण असें कीं, घराच्या आंखणींत आतां कृत्रिम बुद्धीचा प्रवेश झाला आहे. जागेची लांबीरुंदी, दिशा, खोल्या आणि खर्चाची मर्यादा सांगितली कीं यंत्र घटकाभरांत अनेक नकाशे पुढें ठेवतें. एकांत स्वयंपाकघरांत सकाळचें ऊन येतें, तर दुसऱ्यांत माजघरांतून वारा खेळतो. लोखंड व सिमेंट किती लागेल याचा अंदाज तें देतें. काम चालू असतां घेतलेलीं छायाचित्रें नकाशाशीं ताडून चूकहि दाखवितें. नकाशा नियमांत बसतो कीं नाहीं हें संगणकाकडून तपासण्याची रीत तर पुण्यासारख्या शहरांत यापूर्वींच रुळली आहे. मध्यम स्थितीच्या कुटुंबास पूर्वीं एकाच नकाशावर समाधान मानावें लागे. त्यास आतां निवड करतां येते. हा लाभ लहान नव्हे.

परंतु काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. घराच्या एका अंगास उंसाचें बारमाही पाणी आणि दुसऱ्या अंगास कोरडी वाट असली, तर पाया सारखा राहत नाहीं. भिंतीस तिरपा तडा जातो. म्हणूनच जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत खणीत. माती तपासून ती माहिती यंत्रास दिली तर तें उत्तम हिशेब करील. न दिली, तरीहि तें नकाशा देईलच, आणि तितकाच देखणा देईल! धोका आहे तो येथें.

योग्य मार्गहि याच परिसरांत दिसतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्यानें ऊंसशेतींत कृत्रिम बुद्धीचा प्रयोग मांडला. २०२४ पासून सुमारें १००० शेतकरी त्यासाठीं निवडले गेले. तेथें आधीं जमिनींत उपकरण पुरतात. ओल किती हें तें कळवितें, हवामानाच्या व उपग्रहाच्या माहितीशीं तें ताडलें जातें, आणि मग पाण्याचा सल्ला मिळतो. म्हणजे पहिला प्रश्न मातीस! उंसाला जी काळजी मिळते, ती माणसाच्या निवाऱ्यास नको काय?

आणि जबाबदारीचें काय? ‘वास्तुविशारद’ म्हणवून घेण्यास १९७२ च्या कायद्यानें नोंदणी लागते, ती माणसाचीच होते. तडा गेला तर यंत्रास जाब विचारतां येत नाहीं. घर ही बहुधा आयुष्यांतून एकदांच होणारी गोष्ट. तिच्यांत मुलांच्या शिक्षणांतून व गृहिणीच्या काटकसरींतून वांचलेली पुंजी असते. तेव्हां घर बांधणाऱ्या वाचकांनीं सुंदर नकाशा जरूर पाहावा, पण त्यावर सही करणारास आधीं इतकें विचारावें, “आमच्या जागेंत खड्डा घेऊन माती पाहिलीत काय?”