बाबांच्या पायाची जखम

२०१७ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला, जालना जिल्ह्याला लागून असलेल्या धाड या गावी आमचे घर आहे. कापूस वेचणीचे दिवस होते. बाबा सायंकाळी शेतातून परतले आणि ओसरीच्या फरशीवर त्यांच्या मागोमाग रक्ताचे ठसे उमटत आले. बाबांना त्याचा पत्ताही नव्हता. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जाऊन तळव्यात मोडला होता आणि तो घेऊनच ते दिवसभर वावरले होते. मी चिमट्याने काटा काढला, तेव्हा त्यांनी पाय मागेदेखील घेतला नाही. "दुखत नाई ना, मंग कायची चिंता?" ते म्हणाले. त्या वेळी मलाही ते सुचिन्हच वाटले.

ते सुचिन्ह नव्हते. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने बाबांच्या पायांतील संवेदना हळूहळू हिरावून नेली होती. ज्या वेदनेने माणूस लंगडतो, थांबतो, दुखऱ्या पायाला विसावा देतो, ती वेदनाच राहिली नव्हती. बाबा चालत राहिले आणि प्रत्येक पावलागणिक जखम चिरडली जात राहिली. काट्याएवढी जखम दोन महिन्यांत रुपयाच्या नाण्याएवढी झाली आणि पुढे वर्षभर ती काही भरून येईना.

अशा जखमेची वार्ता गावात लपून राहत नाही. मिस्साहून परतताना, आठवडी बाजारात, जो भेटेल तो उपाय सांगे. कुणी हळद सांगितली, कुणी साजूक तूप, कुणी कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी. "जखम झाकू नका, हवा लागू द्या, सुकू द्या," हे तर प्रत्येकाचेच सांगणे. सांगणाऱ्यांच्या मायेविषयी मला आजही शंका नाही. मी शाळेत शिकवणारी. मला वाटे, मी त्यांच्याहून शहाणी. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी मधाने जखमा बऱ्या केल्याचे मी कुठेतरी वाचले होते. बाजारातून मधाची बाटली आणली आणि रोज रात्री बाबांच्या तळव्याला मध लावू लागले. तिसऱ्या आठवड्यात जखमेला दुर्गंधी येऊ लागली आणि बाजूचे बोट काळवंडले.

मग मात्र आम्ही बाबांना घेऊन शहरात धाकट्या भावाकडे गेलो. तेथील एका रुग्णालयातील तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, क्ष-किरण चित्र काढले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "दोष हाडापर्यंत गेला तर पायाचा काही भाग काढावा लागेल." मी मान खाली घालून मधाची हकिकत सांगितली. त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही वाचले ते खोटे नव्हते," त्या म्हणाल्या, "पण ते दुसऱ्या जखमेविषयी होते."

पुढे मी त्या विषयाचे मिळेल ते वाचले, आणि त्यांच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला उलगडत गेला. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मधाची चाचणी घेऊन १९९१ साली ती प्रसिद्ध केली. निम्म्या रुग्णांना मध आणि निम्म्यांना त्या काळी सर्वत्र वापरले जाणारे चांदीयुक्त मलम, अशी ती तुलना होती. मधाच्या बाजूने निकाल चांगला लागला. आपल्या महाराष्ट्रात असे प्रयोग आणखीही झाले. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली व १९८५ साली तिचा वृत्तांत दिला. १९९६ साली डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मध आणि बटाट्याची साल यांचीच तुलना केली. मधाच्या जखमा लवकर भरल्या. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात केळीच्या पानाची पट्टी तपासली गेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात केळीचे पान बटाट्याच्या सालीइतकेच गुणकारी आणि तिच्याहून स्वस्त ठरले. आपल्या स्वयंपाकघरातील वस्तू, पण त्यांनाही डॉक्टरांनी परीक्षेला बसवले, हे वाचून माझा ऊर भरून आला.

परंतु या साऱ्या जखमा प्रामुख्याने भाजल्याच्या होत्या, म्हणजे ताज्या होत्या. वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेची जात निराळी. तिच्यात शरीराची भरून काढण्याची क्रिया पहिल्याच पायरीवर, सूज आणि दाह यांवर, अडून बसते. न्यूझीलंडमध्ये पायाच्या नीलांच्या विकारातून झालेल्या अशाच जुनाट जखमांच्या ३६८ रुग्णांवर मधाची चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २००८ साली आला. मधाने तेथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मध तोच, पण जखम बदलली आणि उत्तर बदलले. शिवाय वैद्यकीय वापराचा मध निर्जंतुक केलेला असतो. मी लावला तो बाजारचा. आणि हवा लागून खपली धरलेली जखम लवकर भरते, ही आपली दृढ समजूतही १९६२ सालीच इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या पिल्लांवरील प्रयोगात खोटी ठरवली होती. झाकलेल्या, ओलसर जखमेवर नवी त्वचा कितीतरी वेगाने आली. साऱ्या गावाची समजूत चुकीची असू शकते, तशी एकट्या शिकलेल्या बाईचीही.

त्या रुग्णालयात तेव्हा मधुमेही जखमेवरील एका नव्या मलमाची चाचणी चालू होती. डॉक्टरीणबाईंनी बाबांना समोर बसवून, मराठीत छापलेले संमतिपत्र परिच्छेदागणिक वाचून दाखवले. जखम स्वच्छ करणे, साखर आटोक्यात ठेवणे, पायावरचा भार काढणे हे सर्वांना सारखेच मिळणार. मात्र नवे मलम निम्म्यांनाच. उरलेल्यांना मिठाच्या पाण्याची नेहमीची पट्टी. कुणाला काय, हे बंद लिफाफ्यातील चिठ्ठी ठरवणार. "नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत, आणि मध्येच सोडावेसे वाटले तरी सोडता येईल," हेही त्यांनी दोनदा सांगितले.

मी विचारले, "चिठ्ठी कशाला? ज्याला गरज अधिक, त्याला नवे औषध द्यावे." त्या म्हणाल्या, "मी निवडू लागले, तर ज्याच्याविषयी मला आशा वाटते त्यालाच ते देईन, आणि मग गुण औषधाचा की माझ्या निवडीचा, हे कळणार नाही. ताई, नवे मलम चांगले असावे असे मला वाटते. पण मला ठाऊक नाही. ठाऊक असते, तर मी ते सर्वांनाच दिले असते."

"मला ठाऊक नाही" असे म्हणणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. माझा विश्वास डळमळला. बाबांचा मात्र तेथेच बसला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद स्वतः पुन्हा वाचला आणि सही केली.

लिफाफा उघडला. बाबांच्या वाट्याला मिठाचे पाणी आले.

भावाच्या घरी आल्यावर मला रडू आवरेना. पाय जाण्याची वेळ आलेली, आणि आपल्या नशिबी काय, तर मीठपाणी! बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कायले रडतं माय? कोनाले तरी साधंच निघणार होतं, मले निघालं. दुसऱ्याले निघालं असतं, तं तू रडली असती का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढील काही महिने बाबांना जमिनीला पाय लावायची मनाई होती. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टरचा बूट असे. ठरल्या दिवशी तो काढायचा, जखमेतील मृत त्वचा खरडायची, मोजपट्टीने लांबी-रुंदी मोजायची, पट्टी बदलायची. ही रीत मुळात कुष्ठरुग्णांच्या सेवेतून पुढे आलेली, हे मला तेथेच कळले. १९४६ साली वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णाचे मांस बरेच होत नाही हा समज चुकीचा आहे. ते बरे होते. मात्र वेदना नसल्याने तो त्याला विसावा देत नाही. प्लास्टरने सक्तीचा विसावा दिला की जखमा भरून येत. ज्या माणसांना समाजाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या पायांनी शिकवलेला धडा सत्तर वर्षांनी माझ्या बाबांच्या पायाला उपयोगी पडला. त्या अनाम रुग्णांचे ऋण आमच्या घरावर आहे.

पाचव्या महिन्यात जखम मिटली. पाय वाचला. सांगायला मोह होतो, की नव्या मलमाची काही गरज नव्हती. पण तसे म्हणणे म्हणजे पुन्हा मधाच्या बाटलीचीच चूक. एका पायावरून निष्कर्ष काढायचा नसतो. बाबांचा पाय त्या प्रयोगात केवळ एक आकडा होता, आणि तो खरा, नीट मोजलेला आकडा असावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. नव्या मलमाचा रुग्ण जेवढे देतो, तेवढेच मीठपाण्याचा रुग्णही देतो. त्याच्याविना तुलनाच नाही.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला ऐकताना आता माझे लक्ष निराळ्याच ठिकाणी जाते. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, म्हणजे त्या काळी जे उत्तम ठाऊक होते ते केले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. आपण परत येऊ असे त्याने खाणावळीच्या मालकाला सांगितले. आम्ही सारे औषध सांगून पुढे निघून जाणारे होतो. परत येऊन जखम पाहणारा, मोजणारा, आपला उपाय चुकला असेल तर तसे कबूल करणारा विरळा. त्या डॉक्टरीणबाई परत येत राहिल्या.

बाबा २०२१ साली गेले, ते हृदयविकाराने, दोन्ही पायांनिशी. त्यांच्या मऊ रबरी तळाच्या चपला आणि रोज रात्री तळवे पाहण्याचा छोटा आरसा अजून ओसरीच्या कोनाड्यात आहे. शेजारचे एक काका परवा विचारायला आले, "बाई, पायाले मध लावू का?" मी आधी त्यांना बसवले, आरसा काढला आणि म्हटले, "काका, आधी पाय दाखवा. आणि उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. मी येते सोबत."