फोडणीची कुस्ती

रविवारी जेवून निवांत आडवे व्हावे, हा माझा जुना शिरस्ता. 2019 साली माझ्या आठ वर्षांच्या नातवाने तो मोडला. त्या वर्षी सोनीच्या वाहिनीवर 'डब्ल्यूडब्ल्यूई संडे धमाल' नावाचा हिंदी कार्यक्रम सुरू झाला होता. तिकडे आठवडाभर झालेल्या कुस्त्यांचे वेचक तुकडे घ्यायचे, त्यांना गप्पांची फोडणी द्यायची आणि रविवारी वाढायचे! शिळाच भात, पण फोडणीचा भात मुलांना ताज्याहून अधिक आवडतो, हे कोणत्या आईला ठाऊक नाही?

मी मात्र शेजारी बसून कुरकुरत असे. "अरे, ह्यात कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं! कुस्ती म्हणजे खाशाबा जाधवांची. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं त्यांनी. आपल्या औरंगाबादेत 1961 साली पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती दिनकर दह्यारींनी मारली..."

"आबा," पडद्यावरची नजर न काढता नातू म्हणाला, "तुम्हीसुद्धा जुन्याच कुस्त्या सांगताय की!"

मी गप्प झालो. मला अण्णा आठवले.

माझे वडील निजामाच्या अमदानीत तालमीत घुमलेले. पैठणच्या आमच्या अंगणात रात्री जेवणे झाली की ते एकच कुस्ती सांगत. गोदाकाठच्या एका जत्रेतला फड, दिवस कललेला, समोर दुप्पट वजनाचा गडी. दरवर्षी त्या गड्याचे वजन थोडे वाढे. मग अण्णांनी ढाक लावली, गडी चितपट, आणि डोक्यावर मानाचा फेटा! आम्हां भावंडांना सारे पाठ होते. तरी ढाकेपाशी आमचे श्वास अडकत.

पुढे मी कॉलेजात गेलो. एका म्हाताऱ्या पैलवानाने सहज सांगितले, की ती कुस्ती बरोबरीत सुटली होती. अंधार पडला म्हणून पंचांनीच सोडवली. त्या वयात सत्याचा ताप लवकर चढतो. घरी पाहुणे बसले होते, अण्णा रंगात आले होते, आणि मी त्यांची चूक दुरुस्त केली. अण्णा रागावले नाहीत. "असेल बाबा," एवढेच म्हणाले. ती कुस्ती त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. मी त्यांना चितपट केले होते. फेटा बांधायला मात्र कोणी आले नाही.

काही आठवड्यांनी कार्यक्रम संपल्यावर नातवाने हळूच विचारले, "आबा, शाळेत पोरं म्हणतात हे सगळं खोटं असतं. खरंच का हो?"

एकदा घाई केलेला माणूस दुसऱ्यांदा जपून बोलतो.

"कोण पडणार ते ठरलेलं असतं," मी म्हणालो. "पण पडणारा खरोखरच पडतो. पाठ त्याचीच शेकते. आपल्याकडे नाथांचं विंचवाचं भारूड होतं ना, त्यातल्या माणसाला विंचू खरंच चावतो का?"

"नाही."

"मग आपण उठून जातो का?"

तो खुदकन हसला.

"चल, आता माझ्या अण्णांची कुस्ती ऐक. अण्णा सांगायचे तशीच सांगतो."

गोदाकाठचा फड, कललेला दिवस, दुप्पट वजनाचा गडी... ढाकेपाशी आल्यावर नातवाने श्वास रोखला. मीही रोखला. गडी चितपट झाला.

फेटा तेवढा मी ह्या खेपेस जरा मोठा बांधला.