तुरटी



मराठीत लेख लिहायची माझी ही पहिलीच वेळ. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. अजूनही कुणी 'एकोणऐंशी' म्हटलं की मला मनातल्या मनात 'सेव्हंटी नाइन' करून घ्यावं लागतं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आणि विषय वाचून नाक मुरडू नका, कारण विषय आहे घाम!

आपल्या धाराशिवचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगणार? एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर, होस्टेलच्या टाकीत टँकरचं पाणी आणि आंघोळीला एक बादली. त्यात आमची ब्रँच सिव्हिल. भर दुपारी सर्व्हेचं प्रॅक्टिकल. ग्रुपमध्ये मी उंच, म्हणून लेव्हलिंग स्टाफ कायम माझ्याकडे. स्टाफ धरायचा म्हणजे हात वर, आणि हात वर म्हणजे काखेतले ओले डाग सगळ्या बॅचसमोर! मी तर दप्तरात डिओचा डबा घेऊनच फिरायचे.

गेल्या वर्षी त्याच दिवसांत घरून फोन आला. मावशीच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. येरमाळ्यावरून बार्शीला नेलं, तिथे ऑपरेशन ठरलं. मावशी म्हणजे मला अंगाखांद्यावर खेळवलेली बाई. त्या रात्री मी जेवलेच नाही. आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला, 'बहिणींनो सावधान! डिओतल्या ॲल्युमिनियममुळे घाम तुंबतो, विष आत राहतं आणि ब्रेस्ट कॅन्सर होतो.' एरवी हसून सोडून दिला असता. पण तेव्हा पोटात गोळाच आला. रूममधल्या आम्ही तिघींनी तिन्ही डबे उचलले आणि कचऱ्यात टाकले.

आता पर्याय काय? पर्याय 'नॅचरल' पाहिजे. पहिला प्रयोग मेसमधून आणलेल्या खाण्याच्या सोड्याचा. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी काख लालभडक. (कातडी थोडी आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कली, हे अकरावीत शिकलेलं तेव्हा आठवलं नाही.) दुसरा प्रयोग लिंबाचा. त्याबद्दल एवढंच सांगते की, रेझर फिरवल्यावर लिंबू लावू नये. रेक्टर मॅडम ओरडा ऐकून वर आल्या होत्या.

शेवटी सुट्टीत कळंब तालुक्यात आमच्या गावी गेले आणि लाजत लाजत आजीला विचारलं. आजी म्हणाली, "एवढंच व्हय? तुज्या आजोबाची दाढीची तुरटी हाय की. पाण्यात बुडवायची, काखंत फिरवायची. त्यात काय लाजायचं?"

तो पांढरा, काचेसारखा खडा मी साबणाच्या डबीत घालून आणला. आणि काय सांगू, खरंच गुण आला! घाम यायचा, पण वास नाही. खर्च म्हणाल तर नाहीच. मग मी विंगभर प्रचार सुरू केला. "आपलं जुनं तेच खरं, केमिकल नको, ॲल्युमिनियम तर नकोच नको." पाच-सहा जणींना खडे वाटले. माझं नावच 'तुरटीबाई' पडलं.

दोन महिने असे मजेत गेले. मग आली एन्व्हायर्न्मेंटल लॅबमधली जार टेस्ट. सहा बीकरमध्ये गढूळ पाणी, प्रत्येकात ॲलमचा वेगवेगळा डोस, आधी जोरात ढवळायचं, मग हळूहळू. गाळ गोळा होऊन खाली बसतो आणि कमीत कमी किती डोसला पाणी नितळ होतं ते बघायचं. लॅबच्या मामांनी बरणीतून ॲलमचा खडा काढला. मी म्हटलं, "मामा, ही तर तुरटी दिसते!"

"तुरटीच की ताई. ॲलम म्हणजे तुरटी. तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं? शाळेत 'ॲलम' पाठ केलं होतं, घरी 'तुरटी' पाहिली होती. दोन्ही एकच, हे वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. सरांनी फळ्यावर समजावलं. पाणी शुद्ध करायला वापरतात ते ॲल्युमिनियम सल्फेट. घरातली दाढीची तुरटी सहसा पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. म्हणजे ॲल्युमिनियम दोन्हीत! सगळी बॅच माझ्याकडे बघून हसत होती. संध्याकाळी शेजारच्या रूममधला, मी फेकला त्याच कंपनीचा डबा मागून वाचला. त्यात स्पिरिट, सेंट आणि गॅस. ॲल्युमिनियमचं नावच नाही. असलंच तर डब्याच्या पत्र्यात! म्हणजे बिनॲल्युमिनियमचा डिओ फेकून मी दोन महिने ॲल्युमिनियमचा खडा फिरवत होते.

लाज वाटली, पण निदान आता तरी नीट वाचायचं ठरवलं. तेव्हा कळलं ते असं. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतले जंतू त्यातल्या पदार्थांचं विघटन करतात, त्याचा वास येतो. डिओडरंट जंतूंना आवरतो किंवा सुगंधाने वास झाकतो, घाम थांबवत नाही. अँटिपर्स्पिरंट वेगळं. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. तुरटीने मुख्यतः जंतू कमी होतात, म्हणून घाम येतो पण वास येत नाही. आणि 'विष आत तुंबतं' हे तर खरंच नाही. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडनीचं.

कॅन्सरचं काय? २००२ साली अमेरिकेत कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना झाली, तेव्हा डिओ किंवा अँटिपर्स्पिरंटशी संबंध आढळला नाही. ज्यांची किडनी अधू आहे त्यांनी मात्र अँटिपर्स्पिरंट डॉक्टरांना विचारून वापरावं. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत काही लावू नका असं सांगतात, ते त्यातले कण फोटोत गाठीच्या खुणांसारखे दिसून घोटाळा होऊ नये म्हणून.

एवढं सगळं ज्ञान घेऊन दिवाळीत मावशीला भेटायला गेले. केमो संपली होती, डोक्यावर बारीक बारीक केस उगवत होते. मी तिला मेसेजची गोष्ट सांगितली. ती हसली. "अगं, मी जन्मात डिओ लावला नाही. साबण आणि पावडर, बस." मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "गाठ मला आदल्या दिवाळीतच हाताला लागली होती. सहा महिने कुणाला बोलले नाही. तुझ्या काकांना कसं सांगायचं? डॉक्टर पुरुष. लाज वाटली."

मला काय बोलावं सुचेना. इतके दिवस मी ॲल्युमिनियमला घाबरत होते.

आजी तिथेच शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "आमच्या वक्ताला गावात जीप आली हुती. तीस ते साठ वयाच्या बायांना तपासलं. मी पण गेले. सासू नको म्हनत हुती." नंतर वाचलं, ते खरंच मोठं काम होतं. १९९९ पासून आपल्या जिल्ह्यात (तेव्हाचा उस्मानाबाद) १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल त्यात होते. निष्कर्ष २००९ साली छापून आले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३४, आणि नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे. जगभर आज त्या अभ्यासाचा दाखला देतात, आणि त्यात आपल्या गावच्या, सही न येणाऱ्या, लाज बाजूला ठेवून गेलेल्या बायका आहेत. माझी आजी आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी मात्र घामाचा डाग दिसू नये म्हणून स्टाफ खाली धरत होते आणि रीडिंग चुकवत होते.

असो. लेख लांबला. तर मैत्रिणींनो, सध्याचा माझा 'फॉर्म्युला' असा : साबणाने आंघोळ, अंग नीट कोरडं करणं, सुती कुर्ता, कपडे रोज धुणं, आणि हो, तुरटी. ती अजून साबणाच्या डबीत आहे. नॅचरल म्हणून नाही, स्वस्त आहे आणि मला सोसते म्हणून. तुम्हाला डिओ आवडत असेल तर खुशाल लावा. फक्त अंगावर कुठे गाठ लागली, काही वेगळं वाटलं, तर सहा महिने थांबू नका. आईला सांगा, रूम-पार्टनरला सांगा, रेक्टर मॅडमना सांगा. त्या लिंबासाठी धावत आल्या होत्या, यासाठीही येतील.

आणि मुलांनो, तुम्ही हा लेख चोरून वाचलाच असेल तर घरी फोन करून आईला एवढंच विचारा, "तपासणी केलीस का?"