आगाऊ पैशांचें पान

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या फ्लॉरिडांतील क्रीडानगरींत आम्ही मंडळी पांच रात्री राहिलों. जेवणाचे पैसे आगाऊ भरलेले. २०२० सालीं थांबलेली ही सोय २०२४ च्या जानेवारींत पुन्हां सुरू झाली. रात्रीमागें माणशीं एक बसून जेवण, एक झटपट जेवण व एक फराळ, बक्षिसी निराळी. आमच्यांतील तीन वर्षांवरील सर्वांचे पैसे भरावेच लागले, आणि उरलेला हक्क परतीच्या दिवशीं मध्यरात्रीं बुडतो! त्यामुळें आम्ही वही घेऊनच हिंडत होतों. पैसे फुकट जातील म्हणून मातोश्री भूक नसतां जेवत होत्या, हें तिसऱ्या दिवशीं कळलें. चवथ्या दिवशीं एकादशी. त्यांनीं फक्त फळें मागितलीं. आम्ही वही मिटली. त्यांच्या वांट्याचा फराळ नातवंडांनीं आनंदानें संपविला.