पंचावन्न इंची स्वस्त की त्रेचाळीस इंची महाग

साताऱ्याच्या घरातल्या टीव्हीवर आधी उभ्या रेघा उमटल्या आणि मग अर्धा पडदा काळा पडला. टीव्ही तसा जुना नव्हता. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढून पाहिलं आणि म्हणाला, "पॅनेल गेलंय ताई. ते बदलायचं तर नव्या टीव्हीच्या पाऊण किमतीला पडेल." वॉरंटी संपली होती. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर माणूस पुण्याहून येणार, कधी ते सांगता येत नाही. बाबा म्हणाले, "आता त्याच्यामागे लागू नकोस. तू आलीस की नवाच घेऊ."

दिवाळी नुकतीच झाली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला होता, त्यामुळे मोठे टीव्ही एकदम आवाक्यात आल्यासारखे वाटत होते. पोवई नाक्याजवळच्या दुकानात दोन टीव्हींवर आमचं घर अडलं. एक ५५ इंची, फारसं नाव न ऐकलेल्या कंपनीचा, ३४ हजारांचा. दुसरा ४३ इंची, जुन्या जाणत्या कंपनीचा, ४२ हजारांचा. म्हणजे लहान टीव्हीला आठ हजार जास्त. बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता: "कमी पैशात मोठा मिळतोय, तर जास्त पैसे देऊन लहान का घ्यायचा?" बंगळुरूहून दादाचाही तोच सूर. शेजारी ५५ इंची आहे, पाहुणे आले की सगळे तिकडे मॅच बघायला जातात, मग आपल्याकडे का नको?

मला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. हा टीव्ही कोण बघणार, काय बघणार, आणि कुठे बसून?

आमच्याकडे टीव्ही बघतात ती दोन माणसं. बाबा सकाळी बातम्या आणि मॅच असेल तेव्हा मॅच. आई संध्याकाळच्या मालिका, आणि चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी. सगळं सेट टॉप बॉक्सवर. त्यांच्या पॅकमध्ये बहुतेक मराठी वाहिन्या साध्या, म्हणजे एसडी. बाबांची खुर्ची टीव्हीसमोर नऊ फुटांवर असते. आई मात्र समोर कधीच बसत नाही. ती बाजूच्या दिवाणावर, भाजी निवडत किंवा वाती वळत, तिरक्या नजरेने बघते. खोलीत दुपारी पश्चिमेचं ऊन येतं आणि रात्री ट्यूबलाइट चालूच असते. दिवे मालवून सिनेमा बघण्याची पद्धत आमच्या घरात नाही.

दुकानात मात्र यातलं काहीच नसतं. तिथे प्रत्येक पडद्यावर रंगीत पोपट, समुद्राखालचे मासे, फुलांच्या पाकळ्यांवरचे थेंब. हे सगळं कंपनीने खास तयार केलेलं ४के चित्रण, आणि टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर, म्हणजे रंग आणि उजेड शेवटपर्यंत वाढवलेले. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की मोठा आणि भडक टीव्हीच डोळ्यांत भरतो. विक्रेत्याला म्हटलं, "दादा, हे पोपट बंद करा आणि साधी मराठी वाहिनी लावून दाखवा." तो जरा थबकला. दुकानात सेट टॉप बॉक्स एकच होता, तोही वरच्या मजल्यावर. पण त्याने आणला. त्याचे मी मनापासून आभार मानते, कारण पुढचं सगळं त्या बॉक्समुळे कळलं.

आधी ५५ इंचीवर लावलं. मालिकेतल्या बाईंचा चेहरा मेणाचा वाटायला लागला. साडीच्या काठावरची नक्षी विरघळून गेली. बातम्यांची वाहिनी लावली तर खालची सरकती पट्टी अडखळत जात होती आणि अक्षरांमागे सावली राहत होती. बाबा आपसूक दोन पावलं मागे सरकले.

यामागे साधा हिशेब आहे. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार ठिपके असतात. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. वाहिनीकडून आलेल्या एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात. उरलेले एकोणीस तो अंदाजाने भरतो. हा अंदाज किती चांगला, ते आतल्या प्रोसेसरवर ठरतं, आणि स्वस्त टीव्हीत पहिली काटकसर तिथेच होते. पडदा मोठा असला की अंदाजातली चूकही मोठी होऊन दिसते. सर्वसाधारण नजर अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखते. त्या हिशेबाने ४३ इंचावर एसडी चित्र दहा-साडेदहा फुटांवरून नीट दिसतं. ५५ इंचावर तेच चित्र तितकं बरं दिसायला तेरा-साडेतेरा फूट मागे बसावं लागतं. आमची खोलीच मुळी बारा फुटांची.

उलट बाजूही सांगायला हवी. ४३ इंचावर फुल एचडी आणि ४के यांतला फरक साडेपाच फुटांच्या पलीकडून डोळ्याला कळत नाही. म्हणजे खोक्यावर ४के लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजण्यात आमच्यासाठी काही अर्थ नव्हता. तसं लिहिलेलं दोन्ही खोक्यांवर होतं. 'एचडीआर', म्हणजे जास्त उजेडाचं चित्रण, हेही दोन्हींवर होतं. एचडीआरचा संकेत टीव्ही ओळखतो, एवढाच त्या शब्दाचा भरवसा. तो उजेड दाखवण्याची ताकद पडद्यात आहे की नाही, हे त्यावरून समजत नाही. स्वस्त पडद्यांचा उजेड साधारण अडीचशे-तीनशे निट्सचा असतो; निट हे उजेडाचं माप. एचडीआर चित्रण तयार होतं ते बऱ्याचदा हजार निट्स धरून. ५५ इंचीवर 'क्यूएलईडी' असंही झळकत होतं. त्यात मागचा दिवा आणि पडदा यांमध्ये क्वांटम डॉट्सचा एक थर असतो, त्याने रंग अधिक खुलतात, पण तो शेवटी एलसीडीच. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो तो ओएलईडी. नावात एका अक्षराचा फरक, किमतीत दुपटी-तिपटीचा. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहिते.

मग मी आईला म्हटलं, "आई, तू जरा बाजूला जाऊन बघ, घरी बसतेस तशी." ती भिंतीकडे सरकली आणि म्हणाली, "अगं, हा पांढरा पडला." ५५ इंचीचे रंग बाजूने पाहिल्यावर उतरले होते. ४३ इंचीवर मात्र तिला समोरून दिसत होते जवळपास तेच रंग दिसले. कारण पॅनेलच्या जातीत आहे. स्वस्त टीव्हीत होतं व्हीए जातीचं पॅनेल. त्यात काळा रंग गडद दिसतो, पण समोरूनच. दुसऱ्यात आयपीएस. त्यात काळा रंग थोडा राखाडी वाटतो, पण बाजूने बघणाऱ्यालाही चित्र शाबूत मिळतं. अंधारात सिनेमे बघणाऱ्या घराने व्हीए घ्यावं, मीही तेच सांगेन. आमच्या घरी ट्यूबलाइट चालू असते आणि आई दिवाणावर बसते. गेली चाळीस वर्षं सगळ्यांची कामं उरकता उरकता ती बाजूनेच टीव्ही बघत आली आहे. तिच्या जागेवरून चित्र नीट दिसावं, हे मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

पेन ड्राइव्हवर मी भाच्याच्या मुंजीचं मोबाइलवर काढलेलं चित्रण नेलं होतं. आपल्या माणसांचे चेहरे आपल्याला पाठ असतात, त्यामुळे टीव्हीचा रंग तिथे लगेच पकडला जातो. स्वस्त टीव्हीवर सगळे लालसर दिसले. मोड बदलून पाहिले, तर लाली गेली आणि चेहरे हिरवट झाले. महागावर आत्याची गव्हाळ कांती गव्हाळ दिसली. आईने ते दोनदा लावायला लावलं.

आवाजात मात्र महाग टीव्हीनेही निराश केलं. दोन्हींवर २० वॅट लिहिलेलं. पडदे इतके पातळ झालेत की स्पीकर खाली तोंड करून बसवतात आणि आवाज भिंतीला, टेबलाला आपटून येतो. बाबांना कानाने थोडं कमी येतं. बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाही. महागात संवाद स्पष्ट करण्याची एक सोय होती, तिने फरक पडला, पण थोडाच. विक्रेत्याने आठ हजारांचा साउंडबार दाखवला. तो मी त्या दिवशी घेतला नाही. नंतर बाबांना ब्लूटूथ हेडफोन जोडून दिला. त्यातून बातम्या ऐकताना आता त्यांना आवाज चाळीसवर न्यावा लागत नाही.

उन्हाचंही तसंच. दोन्ही काचांत समोरचा दरवाजा सारखाच दिसत होता. तो प्रश्न आम्ही घरी जाड पडद्याने सोडवला.

शेवटी मी विचारलं, "बिघडला तर माणूस कुठून येतो?" महाग टीव्हीचा साताऱ्यातच होता, त्याचा नंबर विक्रेत्याने तोंडपाठ सांगितला. स्वस्ताचा टोल फ्री नंबर मिळाला. आधीच्या टीव्हीचा अनुभव ताजा असल्याने बाबांनी तिथेच मान हलवली. वॉरंटी कार्डही आम्ही दुकानातच वाचलं. एक वर्ष सगळ्याची, पॅनेलची आणखी एक वर्ष. विजेच्या चढउताराने झालेलं नुकसान त्यात धरलेलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज फार जाते-येते, म्हणून त्याच दिवशी स्टॅबिलायझरही घेतला.

४३ इंची घेतला. घरी आल्यावर आधी 'व्हिव्हिड' मोड काढला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईच्या डोळ्यांना तो पांढरा झगझगाट सोसत नाही. 'सिनेमा' मोड बाबांना पिवळा वाटला, म्हणून 'स्टँडर्ड' ठेवून उजेड थोडा उतरवला. चालू केल्याबरोबर थेट सेट टॉप बॉक्स लागेल असं करून दिलं, नाहीतर सुरुवातीलाच अॅपच्या जाहिरातींची पाटी उघडते आणि बाबा रिमोटवरची बटणं दाबत बसतात.

स्वस्त टीव्ही वाईटच, असं मी म्हणणार नाही. माझ्या मावसभावाने चाकणला भाड्याच्या खोलीत स्वस्तातला ४३ इंची घेतला आहे. तो समोर एकटाच बसतो, मोबाइलच्या इंटरनेटवर एचडी सिनेमे बघतो, वाहिन्या बघतच नाही. त्याला दुप्पट पैसे घालायला लावणं अन्याय झाला असता. पुढे टीव्हीचं सॉफ्टवेअर संथ झालं तर टीव्हीला जोडायची चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावून तो आणखी काही वर्षं काढेल. त्याच्याही पॅनेलचा भरवसा किती, हा प्रश्न आहे. पण दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायचा असेल, तर चाकण पुण्याला जवळ आहे, सातारा नाही.

पैसे ठरलेले असतील तर माझं मत स्पष्ट आहे: इंच कमी करा, दर्जा वाढवा. आईवडिलांसाठी घेत असाल तर त्यांना दुकानात सोबत न्या, आणि ते घरी जिथे बसतात त्याच कोनातून बघायला लावा. सेट टॉप बॉक्सवर त्यांची रोजची वाहिनी लावून दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर दुसऱ्या दुकानात जा.